दान, भेट, जामीन : धर्मग्रामातील शेजारधर्माचा इतिहास

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. माणसाची चारचौघांतील अब्रू हा एक अर्थ, आणि उधार मिळण्याची त्याची योग्यता हा दुसरा. बोलताना आपण हे दोन अर्थ वेगळे करीत नाही. ‘त्याची पत गेली’ असे म्हटले की दुकानदाराने उधारी बंद केली आणि गावाने मानाने वागवणे बंद केले, अशा दोन्ही गोष्टी एकदम सांगून होतात. म्हणूनच आर्थिक संकटात सापडलेला माणूस आपली अडचण सर्वांत आधी लपवतो ती शेजाऱ्यापासून. आणि सर्वांत आधी हात पसरावा लागतो तोही बहुधा शेजाऱ्यापुढेच. हातउसने, उसनवारी, शब्द टाकणे, जामीन राहणे ही सारी शब्दसंपदा या कोंडीतून जन्माला आलेली आहे.

महाराष्ट्रातील कर्जाच्या इतिहासात सावकार आहे, सरकार आहे, पुढे सहकारी सोसायटी आणि बँकही आहे. शेजारी मात्र क्वचितच भेटतो. त्याचे कारण उघड आहे. शेजारी पावती करीत नाही आणि वहीत नोंद ठेवीत नाही. अडचणीतल्या शेजाऱ्याला मदत करण्याच्या रीतीला जिथे नियम, सभासद आणि सभेचे कामकाज लाभले, अशी ठिकाणे म्हणूनच अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची ठरतात. कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवती वसलेली वस्ती, हे असे एक ठिकाण. वसईपासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यापर्यंत मराठी मुलुखात या धर्मग्रामांतून शेजारधर्माचे जे तीन प्रकार घडले, त्यांचा हा धावता आढावा आहे. दान, भेट आणि जामीन ही नावे आम्ही आमच्या सोयीसाठी वापरली आहेत.

१

वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत वसईच्या किल्ल्यात जी मठ-मंदिरे व संस्था उभ्या राहिल्या, त्यांत ‘मिझेरिकॉर्डिया’ ही एक होती. मिझेरिकॉर्डिया म्हणजे दयाधर्म. १४९८ साली लिस्बन येथे राणी लिओनोर हिच्या आश्रयाने ही मंडळी स्थापन झाली आणि पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे तिच्या शाखा गेल्या. ती धर्मगुरूंची संस्था नव्हती. प्रपंचातील प्रतिष्ठित पुरुषांचे ते मंडळ होते. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, रोग्याची व कैद्याची विचारपूस, मृताला मूठमाती अशी दयेची जी कृत्ये ख्रिस्ती परंपरेने मोजून ठेवली होती, ती कामे वाटून घेऊन पार पाडणे हे तिचे कार्य. रुग्णालय चालवणे, तुरुंगातल्यांना अन्न पोचवणे, अनाथ मुलींच्या लग्नासाठी रक्कम राखून ठेवणे ही कामे त्यात येत.

या संस्थेचे कौतुक करताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. ती एका जेत्या सत्तेची संस्था होती. पूर्वेकडील शाखांत तिचा पहिला आधार मिळे तो पोर्तुगीज कुटुंबांना. देणारे कोण आणि घेणारे कोण, ही रेघ जन्मानेच आखलेली असे. घेणारा उद्या देणारा होईल, अशी कल्पना त्या व्यवस्थेत बसणारीच नव्हती. दानाची ही पहिली अडचण आपल्या परंपरेतील अन्नछत्रांना आणि धर्मशाळांनाही लागू पडते. दानाने पोट भरते, आणि ते लहानसहान काम नव्हे. पण गेलेली पत दानाने परत येत नाही. उलट यादीत नाव लागले की ती गेल्यावर शिक्कामोर्तब होते.

१७३९ नंतर वसईतील ही सत्ता आणि तिच्या संस्था गेल्या. मागे राहिले ते इथलेच शेतकरी, बागायतदार, कोळी. घरात आपापली बोली बोलणारे, मातीशी आणि खाडीशी बांधलेले ख्रिस्ती. पुढच्या कथेतील मुख्य पात्रे तीच आहेत.

२

दुसऱ्या प्रकाराचे मूळ फ्रान्समध्ये आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात खास रस वाटावा असे काही आहे. व्हिन्सेंट डी पॉल (१५८१–१६६०) हा धर्मगुरू १६१७ साली शातियों या गावी होता. एका घरातील सारीच माणसे आजारी पडली असल्याचे त्याने प्रवचनात सांगितले. दुपारी तो त्या घराकडे निघाला तेव्हा वाटेत त्याला खाद्यपदार्थ पोचवून परतणाऱ्या माणसांची रीघ दिसली. एवढे अन्न आज एकदम आले. त्यातले बरेचसे नासणार, आणि चार दिवसांनी त्या घरात पुन्हा उपास, हे त्याच्या ध्यानात आले. गावात दया भरपूर होती, तिला व्यवस्था नव्हती. त्याने गावातील स्त्रियांच्या पाळ्या लावून दिल्या. धर्मग्रामातील स्वयंसेवेच्या इतिहासात या पाळ्यांचे महत्त्व फार मोठे आहे.

दोनशे वर्षांनंतर, १८३३ मध्ये, पॅरिसमधील काही विद्यार्थ्यांनी याच व्हिन्सेंटच्या नावाने एक मंडळ काढले. त्यांत प्रमुख होता फ्रेदेरिक ओझानाम. वय वर्षे वीस. ही मुले मुळात इतिहास आणि तत्त्वज्ञान यांवर वाद घालण्यासाठी जमत. अशाच एका सभेत प्रतिपक्षाने त्यांना विचारले, की तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील. आज तुम्ही स्वतः काय करता? आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे नेली होती. ओझानामच्या लियों शहरात विणकरांचा उठाव १८३१ मध्ये होऊन गेला होता. प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. त्या मुलांनी सिस्टर रोझाली रेंदू या अनुभवी जोगिणीच्या मार्गदर्शनाखाली गरीब वस्तीतील घरोघरी जायला सुरुवात केली. या मंडळाच्या स्थानिक शाखेला आजही ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. चर्चासभेचे नाव मदतीच्या कामाला चिकटले ते असे. ओझानाम पुढे दान्तेचा अभ्यासक आणि सोर्बोन येथे परकीय साहित्याचा प्राध्यापक झाला. चाळिसाव्या वर्षी, १८५३ मध्ये, तो वारला.

या मंडळाचे नियम साधे होते, पण त्यांत मोठी जाण होती. मदत घेऊन जायचे ते दोघांनी मिळून. संकटातल्या माणसाला कार्यालयात बोलवायचे नाही. आपण त्याच्या घरी जायचे. तिथे जे पाहिले-ऐकले ते बाहेर बोलायचे नाही. सभेत पिशवी फिरवायची ती अशी, की कोणी किती टाकले हे कोणाला कळू नये. देणाऱ्याची बढाई आणि घेणाऱ्याची बेअब्रू या दोन्हींवर एकाच वेळी घातलेला हा लगाम होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी भारतात आली. मुंबई-वसईकडील धर्मग्रामांतून तिचे काम आजही चालते. दवाखान्याचे बिल, मुलांची फी, थकलेले घरभाडे, महिन्याचा किराणा हे तिचे नेहमीचे विषय.

भेटीने एक गोष्ट घडली. मदतीचा विषय ‘गरीब’ या वर्गाकडून एका घराकडे, एका माणसाकडे आला. मात्र भेटीचीही एक अडचण आहे. घरी येणारा डोळे घेऊन येतो. भिंतीवरचे घड्याळ, कोपऱ्यातली बाटली, मुलीच्या अंगावरचा नवा फ्रॉक हे सारे त्याला दिसते, आणि नकळत तो पात्र-अपात्र ठरवू लागतो. विचारपूस आणि चौकशी या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. भेटीची चौकशी होऊ न देणे ही स्वयंसेवकाची खरी कसोटी असते, आणि ती प्रत्येक उंबऱ्यावर नव्याने द्यावी लागते.

३

दान आणि भेट या दोहोंनाही न सुटलेला प्रश्न कर्जाचा होता. आजारी घराला चार दिवस जेवण पुरवता येते. पण जमीनच गहाण पडली असेल तर? मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कायद्याने सावकाराला आवर घालण्याचा प्रयत्न झाला. पण सावकाराऐवजी पैसे देणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. त्याला उत्तर म्हणून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यामागचा नमुना जर्मनीतील राइफायझेन याचा होता. गावातील माणसांनी एकत्र यायचे, एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी एकमेकांनी घ्यायची, आणि त्या सामायिक पतीवर स्वस्त पैसा उभारायचा.

धर्मग्रामाला ही कल्पना चटकन मानवली, कारण तिला लागणारी मुख्य वस्तू तिथे तयारच होती. ती म्हणजे एकमेकांची ओळख. कोण पेरणीपुरते घेतो, कोण लग्नासाठी घेतो, कोण परत करतो, हे शेजाऱ्याला जितके ठाऊक तितके कोणत्याही बँकेला ठाऊक नसते.

छोटानागपूरमधील जेझुइट धर्मगुरू योहान हॉफमन यांनी १९०९ मध्ये कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. हॉफमन मूळचे जर्मन. मुंडारी भाषेचा प्रचंड कोश ही त्यांची विद्वत्तेची ओळख. बिरसा मुंडांच्या उठावानंतर आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणारा जो छोटानागपूर कूळकायदा १९०८ मध्ये झाला, त्याच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. शब्द गोळा करणारा हा माणूस कर्जाकडे वळला यात विसंगती नाही. जमीन, वाटा, देणे यांचे शब्द नोंदवता नोंदवता त्या माणसांची जमीन कोणत्या वाटेने जाते हे त्यांना दिसत होते. कायद्याने जमीन राखायची, पतसंस्थेने बीबियाण्याचा पैसा पुरवायचा आणि कोठारात धान्य साठवायचे, अशी ती योजना होती. पहिल्या महायुद्धात ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून हॉफमन यांना भारत सोडावा लागला, संस्था टिकली.

मराठी मुलुखातील तिचे भावंड वसईत जन्माला आले. १९१८ साली फादर (पुढे मॉन्सिन्यर) पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने वसईच्या कॅथलिक शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी स्थापन झाली. केळी, पान, भाजीपाला आणि फुले पिकवणारा हा बागायतदार समाज. बागायतीला पैसा आधी ओतावा लागतो आणि उत्पन्न मागाहून येते; त्या मधल्या काळात सावकार उभा असतो. धर्मगुरूने प्रवचनातून सावकाराला दोष देण्यापेक्षा ठेवी गोळा करण्याचा रस्ता धरला. आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक या नावाने ओळखली जाणारी मोठी बँक ती हीच.

या तिसऱ्या प्रकाराचे आध्यात्मिक मूळ शोधायचे तर ते एका परिचित दृष्टांतात सापडते. लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणूस वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधतो, हे सर्वांना आठवते. पुढचा तपशील आपण विसरतो. तो त्याला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो, आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येताना मी भरीन असे सांगतो. म्हणजे तो जखमी माणसाला जामीन राहतो. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर इथे अखेर आर्थिक भाषेत आले आहे. गंमत अशी, की त्याच बायबलमधील नीतिसूत्रांचे पुस्तक दुसऱ्यासाठी जामीन राहू नये, फसशील, असे पुनःपुन्हा बजावते. व्यवहार आणि धर्म यांतील हा ताण पतपेढीच्या प्रत्येक कर्जफॉर्मवर, जामीनदाराच्या सहीच्या जागी, उभा असतो.

जामिनाने दानाची उणीव भरून काढली. घेणारा इथे सभासद असतो. आज घेतो, उद्या ठेवतो, परवा दुसऱ्यासाठी सही करतो. त्याची पत दोन्ही अर्थांनी शाबूत राहते. पण याही व्यवस्थेला दोन भगदाडे होती. ज्याला कोणीच जामीन मिळत नाही असा शेवटचा माणूस (भूमिहीन, परित्यक्ता, वस्तीत नव्याने आलेला) तिच्या बाहेर राहतो. आणि संस्था एका समाजाची असली की शेजाऱ्याची व्याख्याही त्या समाजाच्या वेशीशी थांबण्याचा धोका असतो. शोमरोनी मात्र परक्या समाजातला होता.

४

वसईत चर्चभोवती गाव आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत तसे नाही, आणि म्हणून इथे प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. चांद्याचे स्वतंत्र कॅथलिक धर्मक्षेत्र १९६२ मध्ये, दुसरी व्हॅटिकन परिषद ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, निर्माण झाले आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ते केरळच्या सिरो-मलबार परंपरेतील असून त्याचे केंद्र बल्लारपूर येथे आहे. या भागात कॅथलिकांची संख्या मुळातच अल्प. तेव्हा ‘आपल्यातल्या शेजाऱ्याला मदत’ या मर्यादेत इथले काम राहूच शकत नव्हते. ते शाळा आणि दवाखाना या वाटांनी गेले. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय हे त्याचे आम्हां सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. तिथल्या खाटांवर कोणत्या धर्माची माणसे असतात हे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांना ठाऊक आहे. आणि कर्जाची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या खाटेपासून होते, हेही ठाऊक आहे.

झाडीपट्टी हा धानाचा प्रदेश. मामा तलावांच्या पाण्यावर आणि पावसाच्या लहरीवर चालणारी शेती, वर्षाला हाती येणारा एक मोठा पैसा, आणि मधल्या महिन्यांत उधारी. धान्य उसने घेऊन पीक आल्यावर दीडपट परत करायचे, या रीतीला आपल्या भाषेत ‘वाढीदिढी’ असा शब्दच आहे. ज्या भाषेला अशा व्याजासाठी खास नाव लागते, तिच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या भरले असले पाहिजे. हा भाग मध्य प्रांतात असताना १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा झाला. महाराष्ट्राचा सध्याचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक त्यातही आहे. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने खाजगी सावकारांचे कर्ज फेडण्यासाठी परदेशात जाऊन मूत्रपिंड विकल्याची बातमी वृत्तपत्रांतून आली. हे सारे आमच्या परिसरात घडत होते. कायदा होता, बँका होत्या, महाविद्यालये होती. शेजारी कुठे होता, हा प्रश्न त्या बातम्यांतून फारसा विचारला गेला नाही.

त्याचे एक उत्तर गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात आहे. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. त्यामागे जामीनाचीच जुनी कल्पना होती. फरक इतकाच, की आता ती बायकांच्या हाती आली होती. गावोगावच्या बचत गटांनी या बळावर पुष्कळ काही केले. पण पुढे सूक्ष्म कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्यांनी हीच रचना उचलली. पाच-दहा जणींचा गट करायचा, एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे चंद्रपूरच्या शिवेपलीकडे, ही व्यवस्था कोसळली आणि सरकारला वसुलीवर वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होऊ नयेत, अशी मर्यादा आहे. नियम योग्यच आहे. पण त्याआधी जे घडून गेले त्याचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. मोनिस यांच्या पतपेढीत शेजाऱ्याची ओळख कर्जदाराच्या बाजूने उभी होती. इथे तीच ओळख वसुलीच्या कामाला जुंपली गेली. हप्त्याच्या दिवशी दारात येऊन बसणारी बाई शेजारीणच असते. तिचा तगादा सावकाराच्या तगाद्याहून अधिक लागतो, कारण ती उद्याही समोर राहणार असते.

तेव्हा जामीन हा प्रकार आपोआप पुण्याचा ठरत नाही. तो कोणाच्या लाभासाठी राहिला जातो यावर सारे अवलंबून आहे. दुसऱ्यासाठी जोखीम स्वतःहून पत्करणे वेगळे, आणि ती जोखीम तिसऱ्याच्या नफ्यासाठी माथी मारली जाणे वेगळे. या दोहोंत फरक करायला लागणारी गोष्ट तिन्ही प्रकारांतील मधल्या प्रकारात, भेटीत, आहे. शोमरोनी आधी थांबला, त्याने जखम पाहिली, आणि मग तो जामीन राहिला. भेटीशिवायचे दान यादीत संपते आणि भेटीशिवायचा जामीन वसुलीत संपतो, असे या इतिहासावरून आम्हांला वाटते.

आज धर्मग्रामातला किंवा कुठलाही स्वयंसेवक संकटातल्या घरी जातो तेव्हा त्याने काय न्यावे? पिशवीभर किराणा न्यावाच. पण बहुतेक घरांत त्याच्यापुढे ठेवले जातात ते कागद. इंग्रजीत छापलेला करार, बँकेची नोटीस, सावकाराने कोऱ्यावर घेतलेल्या सहीची आठवण. कोणत्या कर्जाचा दर किती, मुद्दल किती फिटले, बेकायदा सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे कशी लिहायची, ही कामे वाचता-लिहिता येणाऱ्या शेजाऱ्याची आहेत. दरवर्षी आमच्या महाविद्यालयांतून मराठीचे पदवीधर बाहेर पडतात. शब्दाच्या दोन अर्थांतला फरक ओळखणे हे त्यांचे शिक्षण असते. ओझानामच्या चर्चामंडळाला एका प्रतिपक्षाने जो प्रश्न केला, तो अभ्यासमंडळे आणि चर्चासत्रे चालवणाऱ्या आम्हांलाही कोणी करू शकेल. त्या मुलांनी वाद थांबवून वाचन सोडले नव्हते. ओझानाम दान्ते शिकवत राहिला, आणि घरोघरी जातही राहिला.